पॅडलबोर्ड विंडसर्फिंगमधील शिडाची निवड

पॅडलबोर्ड विंडसर्फिंग किंवा विंडसप हा उभे राहून वल्हवण्याच्या फळीवर डोलकाठी व शीड बसवून वाऱ्याच्या बळावर पुढे जाण्याचा जलक्रीडाप्रकार आहे. तो मुख्यतः हलक्या वाऱ्यात, म्हणजे सुमारे ४ ते १२ नॉट वेगाच्या वाऱ्यात आणि सपाट पाण्यावर खेळला जातो. (१ नॉट म्हणजे ताशी १ सागरी मैल किंवा १.८५२ किलोमीटर.) या प्रकारात वापरायच्या शिडाचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये (चौ.मी.) मोजतात. सरासरी वजनाच्या प्रौढ व्यक्तीसाठी ते साधारणपणे ४.५ ते ६ चौ.मी. असते.

वारा हलका असेल तर शीड शक्य तितके मोठे असावे, असा एक सर्वसाधारण समज आहे. पाण्यावर वेगाने घसरणाऱ्या खास विंडसर्फिंग फळ्यांच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी योग्य आहे. पॅडलबोर्डच्या बाबतीत मात्र तो मर्यादित प्रमाणातच लागू पडतो. पॅडलबोर्डचा आकार, त्याच्या तळाशी असलेल्या फिनची जागा, शीड पाण्यातून वर ओढण्यासाठी लागणारी ताकद आणि निघालेल्या ठिकाणी परत येण्याची गरज या चार गोष्टी शिडाच्या उपयुक्त क्षेत्रफळावर मर्यादा घालतात.

## पार्श्वभूमी

फळी आणि शीड यांना एकत्र जोडण्याचे अनेक प्रयोग विसाव्या शतकाच्या मध्यास झाले. अमेरिकेतील न्यूमन डार्बी यांनी आपल्या शिडाच्या फळीची माहिती १९६५ साली 'पॉप्युलर सायन्स' या मासिकात प्रसिद्ध केली. कॅलिफोर्नियातील हॉइल श्वाइट्झर आणि जिम ड्रेक यांनी १९६८ मध्ये स्वामित्वहक्कासाठी अर्ज केला. डोलकाठीच्या पायथ्याशी सर्व दिशांना वळणारा सांधा आणि शिडाच्या दोन्ही बाजूंनी धरता येणारा बूम ही त्यांच्या रचनेची वैशिष्ट्ये होती. तेव्हापासून विंडसर्फिंगचे साधन मूलतः तसेच राहिले आहे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांसाठी आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये महिलांसाठी या खेळाचा समावेश झाला.

उभे राहून फळी वल्हवण्याचा प्रकार हवाई बेटांवरील लाटारोहणाच्या परंपरेतून आला आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी जगभर पसरला. या फळ्या लांब, रुंद आणि तरंगण्यास स्थिर असतात. त्यामुळे त्यांच्यावर शीड बसवून हलक्या वाऱ्यात फिरता येते, हे लवकरच ध्यानात आले. त्यानंतर अनेक उत्पादकांनी फळीच्या मध्यभागी डोलकाठीचा पाया बसवण्यासाठी आटे असलेले छिद्र देण्यास सुरुवात केली.

हलक्या वाऱ्यातील शिडांविषयीचे सर्वसाधारण मत स्पर्धात्मक विंडसर्फिंगवरून तयार झालेले आहे. २००८ ते २०२० या काळातील ऑलिंपिक स्पर्धांत वापरल्या गेलेल्या आरएस:एक्स प्रकारात पुरुषांचे शीड ९.५ चौ.मी. आणि महिलांचे ८.५ चौ.मी. होते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील आयक्यूफॉइल प्रकारात ते अनुक्रमे ९ व ८ चौ.मी. होते. परंतु आरएस:एक्सच्या फळीला तळाशी खाली सोडता येणारे मोठे मध्यपाते होते, तर आयक्यूफॉइलची फळी पाण्याखालील पंखावर उचलली जाते. याउलट विंडसर्फर एलटी या लांब फळीच्या प्रकारात मध्यपाते असूनही शीड ५.७ चौ.मी.चेच असते. पॅडलबोर्डचे वर्तन या तिसऱ्या प्रकाराला अधिक जवळचे आहे.

## साधनाची रचना

विंडसपसाठी वापरली जाणारी फळी साधारणपणे १० ते १२ फूट (३ ते ३.७ मीटर) लांब आणि ३० ते ३४ इंच रुंद असते. घट्ट फळ्यांबरोबरच हवा भरण्याच्या फळ्याही प्रचलित आहेत. हवेच्या फळीत वरचा व खालचा थर असंख्य धाग्यांनी जोडलेला असतो, त्यामुळे पुरेसा दाब दिल्यावर ती कडक होते. तरीही डोलकाठीच्या पायाशी ती थोडी वाकते. शीड जितके मोठे आणि जड, तितके हे वाकणे वाढते व फळीचा वेग कमी होतो. म्हणून हवेच्या फळीवर शीड बसवताना उत्पादकाने सांगितलेला पूर्ण दाब भरणे आवश्यक असते.

शिडाच्या जुळणीत पुढील भाग येतात:

* डोलकाठी – शिडाच्या पुढच्या कडेच्या खोळीत सरकवली जाणारी, सहसा दोन तुकड्यांची काठी.
* बूम – डोलकाठीला आडवा जोडलेला, शिडाच्या दोन्ही बाजूंनी जाणारा दांडा. शीड हातात धरण्यासाठी याचा उपयोग होतो.
* पाया व सांधा – डोलकाठीला फळीशी जोडणारा, सर्व दिशांना वळणारा भाग.
* उचलदोरी – पाण्यात पडलेले शीड फळीवर उभे राहून वर ओढण्याची जाड दोरी.
* ताणदोऱ्या – एक दोरी शीड डोलकाठीच्या पायथ्याकडे खाली ताणते, तर दुसरी बूमच्या मागच्या टोकाकडे ताणते.

शिडाच्या क्षेत्रफळानुसार डोलकाठीची लांबी बदलते. साधारणपणे ४ चौ.मी.च्या शिडास ३७० सेंटीमीटर, ५ चौ.मी.च्या शिडास ४००, ६ चौ.मी.च्या शिडास ४३० आणि ७.५ चौ.मी.च्या शिडास ४६० सेंटीमीटरची काठी लागते. आवश्यक लांबी बहुतेक शिडांवर छापलेली असते. म्हणजे मोठे शीड घेण्याचा निर्णय हा केवळ अधिक कापडाचा नसून अधिक लांब काठी, अधिक लांब बूम आणि अधिक वजनाचा निर्णय असतो.

## वाऱ्याचा वेग आणि शिडावरील बल

शिडावर निर्माण होणारे बल हवेची घनता, वाऱ्याच्या वेगाचा वर्ग, शिडाचे क्षेत्रफळ आणि शिडाच्या आकारावर व कोनावर अवलंबून असणारा एक गुणांक यांच्या गुणाकाराच्या निम्मे असते. क्षेत्रफळ दुप्पट केले तर बल दुप्पट होते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर मात्र बल चौपट होते. हवेची घनता दर घनमीटरला १.२ किलोग्रॅम आणि गुणांक १ मानल्यास, स्थिर फळीवरील तीन शिडांवरचे बल पुढीलप्रमाणे येते. (१ किलोग्रॅम वजन पेलण्यास सुमारे ९.८ न्यूटन बल लागते.)

| वाऱ्याचा वेग (नॉट) | वाऱ्याचा वेग (किमी/तास) | ४ चौ.मी. (न्यूटन) | ५.५ चौ.मी. (न्यूटन) | ७ चौ.मी. (न्यूटन) |
|---|---|---|---|---|
| ४ | ७.४ | १० | १४ | १८ |
| ६ | ११.१ | २३ | ३१ | ४० |
| ८ | १४.८ | ४१ | ५६ | ७१ |
| १० | १८.५ | ६४ | ८७ | १११ |
| १२ | २२.२ | ९१ | १२६ | १६० |
| १५ | २७.८ | १४३ | १९७ | २५० |

या कोष्टकातून दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की, वाऱ्यातील तूट शिडाच्या क्षेत्रफळाने भरून काढता येत नाही. १५ नॉटच्या वाऱ्यात ६ चौ.मी.च्या शिडावर येणारे बल ७.५ नॉटच्या वाऱ्यात मिळवायचे असेल, तर २४ चौ.मी.चे शीड लागेल. असे शीड एका व्यक्तीला हाताने धरणे अशक्य आहे.

दुसरी अशी की, मोठ्या शिडाचा लाभ आणि त्याचा धोका यांचे प्रमाण सारखे राहत नाही. ६ नॉटच्या वाऱ्यात ५.५ ऐवजी ७ चौ.मी.चे शीड घेतल्यास केवळ ९ न्यूटन, म्हणजे एका किलोग्रॅमच्या वजनाहूनही कमी, इतकी भर पडते. वारा वाढून १५ नॉट झाला, तर त्याच दोन शिडांतील फरक ५३ न्यूटन होतो. हे अतिरिक्त बल शिडाबरोबर बाहेर पडलेल्या व्यक्तीला पाण्यावर असतानाच सांभाळावे लागते, कारण तेथे शीड बदलता येत नाही. म्हणून शिडाची निवड किनाऱ्यावर त्या क्षणी वाहणाऱ्या वाऱ्यानुसार न करता, पुढील तास-दोन तासांत अपेक्षित असलेल्या सर्वाधिक वाऱ्यानुसार करण्याचा सल्ला दिला जातो.

## फळीच्या वेगाची मर्यादा

हलक्या वाऱ्यात पॅडलबोर्ड पाणी बाजूला सारत पुढे जातो. अशा प्रकारे जाणारी कोणतीही नौका पुढे एक आणि मागे एक लाट निर्माण करते. वेग वाढत जातो तशी या लाटांमधील लांबी वाढते. ती नौकेच्या पाण्यातील लांबीइतकी झाली की त्यापुढे पाण्याचा रोध फार झपाट्याने वाढू लागतो. हा वेग नॉटमध्ये काढण्यासाठी पाण्यातील लांबीच्या (मीटरमध्ये) वर्गमुळाला सुमारे २.४३ ने गुणतात. ११ फूट, म्हणजे सुमारे ३.३५ मीटर लांबीच्या फळीसाठी तो साधारण ४.४ नॉट येतो.

या वेगापलीकडे जाण्यासाठी फळीने पाण्यावर उचलले जाऊन घसरू लागले पाहिजे. या अवस्थेला प्लेनिंग म्हणतात. विंडसर्फिंगच्या खास फळ्यांचा मागचा भाग सपाट व कडा धारदार असतात, त्यामुळे त्या लवकर घसरू लागतात. पॅडलबोर्डच्या कडा गोलसर असतात व त्याचा तळ लांबीच्या दिशेने वर वळलेला असतो. पायांसाठी मागच्या बाजूला पट्टेही नसतात. परिणामी, हलक्या वाऱ्यात तो प्लेनिंगच्या अवस्थेत सहसा येत नाही.

त्याहून कमी वेगातही लाभ मर्यादित असतो. पाण्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो असे धरल्यास, शिडाचे क्षेत्रफळ ५.५ वरून ७ चौ.मी. केल्याने, म्हणजे २७ टक्क्यांनी वाढवल्याने, वेग सुमारे १३ टक्क्यांनीच वाढतो. ३ नॉटने जाणारी फळी त्यामुळे ३.४ नॉटने जाईल. सहलीसाठी किंवा शिकण्यासाठी बाहेर पडलेल्या व्यक्तीच्या दृष्टीने हा फरक अल्प आहे.

## आडवा सरकाव आणि परतीचा प्रवास

वारा बाजूने येत असताना शिडावरील बलाचा काही भाग फळीला पुढे नेतो आणि उरलेला भाग तिला आडवे ढकलतो. या आडव्या ढकलीला पाण्याखालील फिन विरोध करते. साध्या पॅडलबोर्डला फिन केवळ मागच्या टोकाशी असते. त्यामुळे एक तर फळी वाऱ्याबरोबर आडवी सरकत जाते, आणि दुसरे म्हणजे पाण्याच्या विरोधाचे केंद्र मागे राहिल्याने तिचे नाक वाऱ्यापासून दूर वळू पाहते. ज्या दिशेने वारा येतो त्या दिशेला जायचे असल्यास नागमोडी मार्ग घ्यावा लागतो, आणि नेमके तेच अशा फळीवर अवघड होते.

या अडचणीचे स्वरूप एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, फळी २.५ नॉट वेगाने जात आहे. वाऱ्याबरोबर १ किलोमीटर जाण्यास तिला सुमारे १३ मिनिटे लागतात. परतताना तिचे नाक वाऱ्याच्या दिशेशी ६० अंशांचा कोन करत असेल आणि सरकाव मुळीच नसेल, तर तेवढेच अंतर मागे येण्यास सुमारे २६ मिनिटे लागतील. सरकाव १० अंशांचा असेल तर ३८ मिनिटे आणि २० अंशांचा असेल तर सुमारे ७५ मिनिटे लागतील. या शेवटच्या स्थितीत वाऱ्याच्या दिशेने होणारी खरी प्रगती ताशी अर्ध्या सागरी मैलाहूनही कमी असते. विरुद्ध दिशेने अर्ध्या नॉटचा प्रवाह असला, तर ती फळी कितीही वेळ चालवली तरी निघालेल्या जागी पोहोचणार नाही.

मोठे शीड ही अडचण आपोआप दूर करत नाही. शिडावरील बल वाढूनही फळीचा वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर फिनला तेवढा विरोध देण्यासाठी पाणी अधिक कोनातून कापावे लागते, म्हणजेच सरकाव वाढतो. याउलट शीड फार लहान असेल, तर फळीचा वेग इतका मंद होतो की फिनवर पुरेसे बलच निर्माण होत नाही आणि प्रवाहावर मात करता येत नाही. म्हणून 'लहान म्हणजे सुरक्षित' हा नियमही सरसकट लागू पडत नाही.

सरकाव कमी करण्याचा परिणामकारक उपाय म्हणजे फळीच्या मध्याजवळ दुसरी फिन किंवा मध्यपाते बसवणे. विंडसपसाठी बनवलेल्या अनेक फळ्यांत त्याची सोय असते. मध्यफिन असल्यास तेच शीड फळीला वाऱ्याच्या अधिक जवळच्या कोनात नेते. म्हणून साध्या पॅडलबोर्डवर परतीला त्रास होत असल्यास, मोठे शीड घेण्याआधी मध्यफिनचा विचार करणे अधिक उपयुक्त ठरते.

## शीड पाण्यातून उचलणे

शिकाऊ व्यक्तीच्या हातून शीड वारंवार पाण्यात पडते. ते प्रत्येक वेळी फळीवर उभे राहून उचलदोरीने वर ओढावे लागते. डोलकाठी, बूम व पायासह मध्यम शिडाच्या जुळणीचे कोरडे वजन साधारणपणे ७ ते १० किलोग्रॅम असते. खरा भार मात्र शिडावर साचलेल्या पाण्याचा असतो. १ चौ.मी. कापडावर १ सेंटीमीटर उंचीचे पाणी असले, तर त्याचे वजन १० किलोग्रॅम होते. शीड जितके मोठे, तितके अधिक पाणी त्यावर साचते आणि ते निथळण्यास अधिक वेळ लागतो.

ओढण्याच्या सुरुवातीला पाठ सरळ ठेवून, गुडघे किंचित वाकवून आणि शरीराचा भार मागे टाकून शिडाची एक कड प्रथम पाण्याबाहेर काढतात. पाणी निथळू दिल्यावर उरलेले शीड सहज वर येते. ज्या शिडाला ओळीने दहा वेळा उचलणे शक्य नाही, ते शीड त्या व्यक्तीसाठी मोठे आहे, असा एक व्यावहारिक ठोकताळा मांडता येतो. दमलेल्या व्यक्तीला शीड उचलता येईनासे झाले, तर वारा अनुकूल असूनही ती किनाऱ्यापासून दूर अडकून पडते.

## क्षेत्रफळाची निवड

पुढील कोष्टकात ५ ते १२ नॉट वाऱ्यात साध्या पॅडलबोर्डसाठी उपयुक्त क्षेत्रफळे चौरस मीटरमध्ये दिली आहेत. ही ढोबळ मर्यादा असून व्यक्तीची ताकद, सराव व स्थानिक परिस्थिती यांनुसार तीत बदल करावा लागतो.

| शरीराचे वजन (किलोग्रॅम) | शिकाऊ | सराव असलेली व्यक्ती |
|---|---|---|
| २५–४० | १.५–२.५ | २.५–३.५ |
| ४०–५५ | २.५–३.५ | ३.५–४.५ |
| ५५–७० | ३.५–४.५ | ४.५–५.५ |
| ७०–८५ | ४.५–५.० | ५.०–६.० |
| ८५ पेक्षा अधिक | ५.०–५.५ | ६.०–७.० |

एकच शीड घ्यायचे असल्यास ७० ते ८५ किलोग्रॅम वजनाच्या व्यक्तीसाठी ५ ते ५.५ चौ.मी. हे क्षेत्रफळ सर्वाधिक उपयोगी पडते. हे शीड ६ नॉटच्या वाऱ्यात फळीला पुढे नेते, १२ नॉटच्या वाऱ्यात हातात राहते आणि पुढे विंडसर्फिंगची खास फळी घेतल्यावरही वापरता येते.

६.५ ते ७.५ चौ.मी.चे शीड पुढील अटी एकत्र पूर्ण होत असतील तरच योग्य ठरते: फळीला मध्यफिन आहे, व्यक्तीचे वजन अधिक असून तिला शीड हाताळण्याचा सराव आहे, वारा स्थिर आहे आणि जलाशय बंदिस्त आहे. अशा शिडासाठी कंबरेला बांधून बूमला अडकवण्याचा पट्टा वापरल्यास हातांवरील ताण कमी होतो. परंतु हा पट्टा वापरण्याचे तंत्र आधी शिकून घ्यावे लागते.

वाऱ्याचा वेग मोजण्याचे साधन जवळ नसल्यास पाण्याच्या पृष्ठभागावरून अंदाज बांधता येतो. बोफर्ट मापनश्रेणीनुसार ४ ते ६ नॉटच्या वाऱ्यात लहान लाटा उठतात, पण त्यांचे माथे फुटत नाहीत. ७ ते १० नॉटच्या वाऱ्यात काही माथे फुटू लागतात व तुरळक पांढरा फेस दिसतो. ११ ते १६ नॉटच्या वाऱ्यात असा फेस बऱ्यापैकी वारंवार दिसतो. पॅडलबोर्डवर मोठे शीड घेऊन गेलेल्या शिकाऊ व्यक्तीने पांढरा फेस वाढू लागताच किनाऱ्याकडे वळणे इष्ट असते.

## शिडाची जुळवणी

क्षेत्रफळाइतकेच महत्त्व शिडाच्या पोटाला, म्हणजे त्याच्या फुगीरपणाला आहे. बूमवरील ताणदोरी थोडी सैल केल्यास शीड अधिक फुगीर होते व हलक्या वाऱ्यात अधिक जोर देते. तीच दोरी ताणल्यास शीड सपाट होते व वाढलेल्या वाऱ्यात हाताळण्यास सोपे जाते. पायथ्याकडील ताणदोरी अपुरी ताणली असल्यास शिडाच्या पुढच्या कडेला आडव्या सुरकुत्या पडतात. पुरेशा ताणलेल्या ५ चौ.मी.च्या शिडाचा उपयोग चुकीच्या जुळवणीच्या ६ चौ.मी.च्या शिडापेक्षा अधिक होऊ शकतो.

कापडाचाही विचार करावा लागतो. विणलेल्या पॉलिएस्टर कापडाचे शीड मऊ असते, घडी करून ठेवता येते आणि शिकण्यासाठी सोयीचे असते. पारदर्शक पटलाचे शीड आपला आकार अधिक काटेकोरपणे राखते, परंतु ऊन व घड्यांमुळे ते ठिसूळ होते. स्पर्धेच्या शिडांत पुढच्या कडेला आकार देणारे जाड आधार असतात आणि त्यांच्या खोळीत पाणी भरते. अशी शिडे उचलण्यास जड असल्याने विंडसपसाठी गैरसोयीची ठरतात.

## पश्चिम किनाऱ्यावरील वारे

महाराष्ट्र व गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो व जलक्रीडा सामान्यतः बंद ठेवल्या जातात. उरलेल्या महिन्यांत, विशेषतः हिवाळ्यात व उन्हाळ्यात, किनाऱ्यावरील वाऱ्याचे दैनंदिन चक्र स्पष्ट जाणवते. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते व जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. ते सकाळीही काही काळ टिकतात. दिवस चढल्यावर जमीन तापते आणि समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहू लागतात. दुपारनंतर त्यांचा जोर वाढतो व दिशा बहुधा वायव्येकडील असते.

सकाळचा हलका मतलई वारा आणि सपाट पाणी ही पॅडलबोर्डसाठी वरकरणी आदर्श स्थिती दिसते. शिडाच्या दृष्टीने मात्र ती सर्वाधिक फसवी असते. किनाऱ्यालगतच्या टेकड्या व झाडे वारा अडवत असल्याने वाळूवर तो प्रत्यक्षाहून हलका भासतो. फळी जसजशी आत जाते तसतसा तो वाढत जातो. किनाऱ्यावर मोठे वाटणारे शीड हवेसे वाटते आणि समुद्रात तेच आवरेनासे होते. परत येण्याची दिशाही वाऱ्याच्या विरुद्ध असते. शिवाय मतलई वारा थांबून खारा वारा सुरू होईपर्यंतच्या काळात अनेकदा वारा पूर्णपणे पडतो, आणि तेव्हा कोणत्याही क्षेत्रफळाचे शीड निरुपयोगी ठरते.

दुपारचा खारा वारा किनाऱ्याकडे ढकलणारा असल्याने त्या दृष्टीने अधिक सुरक्षित असतो. परंतु तो १० नॉटच्या वर जाण्याची शक्यता लक्षात घेऊन सकाळपेक्षा लहान शीड निवडावे लागते. खाड्यांमध्ये भरती-ओहोटीचा प्रवाह विचारात घ्यावा लागतो. मुंबईजवळ उधाणाच्या वेळी भरती व ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो, तर गोव्याच्या किनाऱ्यावर तो सुमारे दोन मीटर असतो. ओहोटीच्या वेळी खाडीच्या मुखाशी वाहणारा प्रवाह हलक्या वाऱ्यातील फळीच्या वेगाहून अधिक असू शकतो.

## सुरक्षितता

शिडाची निवड योग्य असली तरी वारा पडणे, सांधा निसटणे किंवा दोरी तुटणे या शक्यता उरतातच. त्यासाठी पुढील खबरदारी घेतली जाते:

* तरंगण्यास मदत करणारे जाकीट घालणे आणि फळीशी बांधून घेण्याची दोरी वापरणे.
* दोन तुकड्यांत सुटणारे वल्हे फळीवर बांधून नेणे. पॅडलबोर्ड वल्हवता येतो, हा त्याचा इतर विंडसर्फिंग फळ्यांच्या तुलनेत मोठा फायदा आहे.
* प्रथम वाऱ्याच्या दिशेकडे थोडे अंतर जाऊन परत येता येते का, हे तपासणे आणि त्यानंतरच दूर जाणे.
* जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यात एकट्याने न जाणे.
* निघण्यापूर्वी परतीची वेळ किनाऱ्यावरील कोणाला तरी सांगून ठेवणे.

वारा पडल्यास किंवा शीड आवरेनासे झाल्यास बूम सोडवून शीड डोलकाठीभोवती गुंडाळतात, फळीवर लांबीच्या दिशेने ठेवतात आणि वल्ह्याने किंवा हातांनी किनारा गाठतात. लहान शीड पाण्यात गुंडाळणे तुलनेने सोपे असते. वेळ अपुरा असेल, तर शीड सोडून द्यावे, परंतु फळी कधीही सोडू नये, कारण फळी तरंगत राहते आणि शोधणाऱ्यांना दुरून दिसते. दोन्ही हात बाजूंना पसरून सावकाश वर-खाली करणे ही मदत मागण्याची आंतरराष्ट्रीय खूण आहे.

## हेही पाहा

* विंडसर्फिंग
* लाटारोहण
* शिडाची नौका
* बोफर्ट मापनश्रेणी
* खारे वारे व मतलई वारे
* भरती व ओहोटी